धाकटी की थोरली: दोन सेडान चालवून पाहिल्यावर

आमचा निर्णय झाला, आणि तो धाकटीच्या बाजूने झाला. गेले काही आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. एकाच कंपनीच्या दोन सेडान, एक कॉम्पॅक्ट आणि एक मिडसाइझ. दोन्ही हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर असलेल्या; दोन्ही ऑटोमॅटिक. घरात बोलायला सोपं जावं म्हणून आम्ही त्यांना धाकटी आणि थोरली म्हणायला लागलो, इथेही तेच लिहिते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते बहुतेक कंपन्यांच्या अशा जोडीला लागू पडतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माणसं खुर्चीतून उठतात कशी, पलंगावर बसतात कशी, जिना उतरताना कोणता पाय आधी टाकतात, हे बघणं हेच माझं दिवसभराचं काम. त्यामुळे गाडी बघतानाही माझी नजर इंजिनावर कमी आणि दाराच्या चौकटीवर जास्त. माणूस आत शिरतो कसा, शिरल्यावर त्याच्या मांडीला आधार मिळतो का, तासाभराने उतरताना त्याची कंबर काय म्हणते. गाड्यांच्या परीक्षणांत याबद्दल फारच थोडं लिहिलेलं असतं. सेडान घेणाऱ्याने तर हे आधी बघावं असं माझं ठाम मत आहे, कारण सेडानमध्ये आपण खाली बसतो आणि खालून वर उठतो.

घरातली माणसं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी पाच फूट एक इंच, आठवड्याचे बहुतेक दिवस गाडीत एकटी, रुग्णांच्या घरी जाते. नवरा सहा फुटांच्या थोडा वर. लेक नववीत, उंचीत बापावर गेलेली. आणि सासूबाई; त्यांचा उजवा गुडघा बदललेला आहे आणि डावा त्याच वाटेवर आहे. शिवाय माझं घडीचं ट्रीटमेंट टेबल, साधारण पंधरा किलोचं. तेही आमच्या घरातलं माणूसच धरा.

आधी या दोन शब्दांबद्दल. कॉम्पॅक्ट आणि मिडसाइझ म्हणजे नेमकं किती, याचं सगळीकडे एकच माप नाही. अमेरिकेत पर्यावरण खातं, म्हणजे ईपीए, गाडीच्या आतली माणसांची जागा आणि डिकी यांची बेरीज करतं: १०० ते ११० घनफूट म्हणजे कॉम्पॅक्ट, ११० ते १२० म्हणजे मिडसाइझ, त्यावर मोठी. या हिशोबाने होंडाची सिव्हिक सेडान, जिला सगळं जग कॉम्पॅक्ट म्हणतं, ती मिडसाइझमध्ये बसते आणि अकॉर्ड थेट मोठ्या गाड्यांत. युरोपात सी आणि डी असे सेगमेंट पाडतात. भारतात चार मीटरच्या आतली सेडान ती कॉम्पॅक्ट. गाड्याही वर्षागणिक वाढत आल्या आहेत. १९७६ साली आलेली पहिली अकॉर्ड आजच्या सिव्हिकपेक्षा साधारण अर्धा मीटर आखूड होती. म्हणजे आज धाकटी म्हणून जी समोर उभी आहे ती एके काळच्या थोरलीपेक्षा मोठी आहे. हे कळल्यावर माझ्या मनातली 'लहान गाडी म्हणजे अडचण' ही समजूत बरीच सैल झाली.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून त्याच दोन गाड्या घेऊ. सिव्हिक सेडान ४,६७४ मिमी लांब, अकॉर्ड ४,९७१. जवळजवळ तीस सेंटिमीटर, एक अख्खी फूटपट्टी. रुंदीत मात्र फरक फक्त सहा सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला तीन. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २,७३५ आणि २,८३०. टोयोटाच्या कोरोला आणि कॅमरीतही व्हीलबेसचा फरक साधारण असाच, बाराएक सेंटिमीटरचा आहे. लांबी वाढते ती मुख्यतः मागच्या माणसाच्या पायांपुढे आणि डिकीत. खांद्याला खांदा लावून बसणाऱ्यांना त्यातलं फार थोडं मिळतं. तीन मोठी माणसं मागे बसवायची म्हणून थोरली घेणाऱ्यांनी तिघांना खरोखर मागे बसवून बघावं. मधल्याच्या पायांमध्ये गाडीच्या तळाचा उंचवटा येतो आणि पाठीला टणक उशी लागते, हे थोरलीतही चुकत नाही.

आता चालवण्याबद्दल. दोन्ही गाड्या आम्ही एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवल्या, आणि नंतर पुन्हा उलट्या क्रमाने. आधी थोरली मग धाकटी असं केलं की धाकटी हलकी आणि गोंगाटी वाटते. आधी धाकटी मग थोरली केलं की थोरली जड आणि आळशी वाटते. क्रम बदलला की दोन्हींचा खरा स्वभाव कळतो. निघण्यापूर्वी टायरमधली हवा तपासायला लावली. कारखान्यातून गाड्या निघतात तेव्हा प्रवासासाठी हवा जास्त भरलेली असते, आणि शोरूमच्या गाडीत ती कधीकधी तशीच राहते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर योग्य दाबाचं स्टिकर असतं, त्याच्याशी ताडून बघायचं. आमच्या धाकटीत हवा बरीच जास्त निघाली. ती कमी केल्यावर तीच गाडी खड्ड्यांवर वेगळी वाटायला लागली. तसंच निघालो असतो तर 'लहान गाडी आदळते' असं म्हणून परत आलो असतो.

मोकळ्या हमरस्त्यावर थोरली जिंकली, आणि निर्विवाद जिंकली. १०० च्या वेगाला तिच्यात आपण साध्या आवाजात बोलू शकतो. मागच्या सीटवरची लेक पुढच्यांच्या गप्पांत भाग घेत होती. फोनवरच्या ध्वनिमापकाचा आकडा अचूक नसतो, पण एकाच फोनने दोन्हीकडे मोजलं तर तुलना तरी होते. थोरली तीन-चार डेसिबलने शांत निघाली. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हे माप सरळ चढत नाही. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. यामागे जादू नाही. थोरलीच्या पुढच्या दारांच्या काचा दुपदरी होत्या, दोन काचांमध्ये पातळ पडदा असलेल्या. काच अर्धी खाली करून तिची कड बघितली की हे पदर दिसतात. धाकटीत पुढची मुख्य काच तेवढी तशी, दारांच्या काचा एकेरी.

व्हीलबेसचा फायदा गतिरोधकावर कळतो. पुढची चाकं चढतात, मग मागची. त्यांच्यात अंतर जास्त असलं की त्याच उंचवट्यावर गाडी कमी कलते, म्हणून पुढे-मागे होणारा झोका कमी बसतो. माझ्या पेशात हा झोका महत्त्वाचा, कारण कंबरेचा मणका दुखत असलेल्या माणसाला एका मोठ्या धक्क्यापेक्षा असे सतत बसणारे छोटे झोकेच जास्त दमवतात. सासूबाई थोरलीत डोळे मिटून बसल्या होत्या. नवरा म्हणाला, "अगं, लांब जायचं असलं तर हीच." मला त्याचं म्हणणं पटलं होतं, आजही पटतं. तो लांबच्या प्रवासात चालवतो आणि उतरल्यावर त्याची मान आखडलेली असते, हे मीच दर वेळी बघते.

वस्तीतल्या रस्त्यांवर पारडं फिरलं. धाकटी वळते पटकन, थांबते पटकन, आणि तिचं नाक कुठे संपतं ते माझ्या उंचीच्या बाईला दिसतं. थोरलीत मला बॉनेटचं टोक दिसत नव्हतं; कॅमेरा होता, सेन्सर होते, पण अरुंद गल्लीत समोरून गाडी आली की मान पडद्याकडे वळवावी असं मला वाटत नाही. दारांचीही एक गोष्ट आहे. थोरलीची दारं लांब आहेत. लांब दार अरुंद जागेत कमी उघडतं, कारण त्याची कड शेजारच्या गाडीला लवकर टेकते. आमची गाडी दोन खांबांमध्ये उभी राहते. त्या मापाच्या जागेत थोरलीचं दार उघडून मला अंग चोरून बाहेर यावं लागलं. धाकटीतून पाय टेकून सरळ उभी राहिले.

आणि मग सीट. इथे मी रमले, नवरा कंटाळला.

चालकाच्या सीटवर बसल्यावर मी काही ठरावीक गोष्टी बघते. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. पाठ टेकलेली ठेवून हात लांब केला की मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्यामागची खोलगट जागा यांत दोन-तीन बोटांचं अंतर हवं. नाहीतर कड तिथल्या नसा आणि शिरांवर दाबते, पाय जड होतात, आणि माणूस नकळत पुढे सरकून पाठीचा आधार सोडतो. चौथी गोष्ट म्हणजे छातीचं हाड आणि स्टीअरिंगचा मध्य यांत निदान २५ सेंटिमीटर. एअरबॅग उघडते ती या अंतरातच, आणि बुटक्या चालकांना इजा होते ती बहुधा फार जवळ बसल्यामुळे.

थोरलीची बैठक लांब, नवऱ्याच्या मांड्यांना सुरेख आधार देणारी. माझ्यासाठी ती जास्तच लांब होती. ब्रेकपर्यंत पाय पोचावा म्हणून सीट पुढे घेतली तर कड गुडघ्यामागे रुतायची आणि स्टीअरिंग छातीपासून जेमतेम वीतभर. स्टीअरिंग आत ढकलून, वर-खाली करून, सीट उंच करून सगळं बघितलं. २५ सेंटिमीटर काही जमेनात. धाकटीत पहिल्याच प्रयत्नात सगळी मापं बसली. बैठक आखूड, पेडल थोडी जवळ, स्टीअरिंग जास्त सरकणारं. नवऱ्याला मात्र धाकटीत मांडीचा आधार कमी पडला. त्याने सीट खाली घेतली, बैठकीचं पुढचं टोक उचललं, तेव्हा बरं वाटलं. त्याच्या त्रासावर उपाय होता, माझ्या त्रासावर थोरलीत उपाय नव्हता. आणि गाडीत सगळ्यांत जास्त वेळ बसणार मी.

मोठी गाडी म्हणजे जास्त आराम, हे आपण धरूनच चालतो. गाडी मोठी झाली की सीटही मोठ्या माणसाच्या मापाची होते, आणि लहान चणीच्या बाईला त्यात आराम मिळेलच असं नाही. माझ्याकडे मानदुखी, कंबरदुखी घेऊन येणाऱ्या कितीतरी बायका घरातल्या पुरुषाच्या मापाच्या सीटवर उशा लावून गाडी चालवत असतात. पाठीमागे उशी, बुडाखाली उशी. त्या उशांमुळे पट्टा नीट बसत नाही आणि धडक झाली तर अंग उशीवरून घसरतं. म्हणून सांगते, बायांनो, गाडी जी चालवणार तिने आधी बसून बघा, तेही घाईत नाही, अर्धा तास. सेल्समनला सांगा, आम्हाला वेळ लागणार आहे.

मागच्या सीटवर मला खरा धक्का बसला. कागदावर थोरली कितीतरी पुढे होती. मागच्या पायांच्या जागेचे आकडे बघा: सिव्हिकमध्ये ३७.४ इंच, अकॉर्डमध्ये ४०.८. आमच्या जोडीतही तेवढाच फरक. नवऱ्याने चालकाची सीट त्याच्या मापाला लावली आणि मग स्वतःच मागे जाऊन बसला. थोरलीत गुडघ्यांपुढे चांगली मूठभर जागा, धाकटीत गुडघे सीटच्या पाठीला टेकायला आलेले. इथवर सगळं अपेक्षेसारखं. मग सासूबाईंना बसवलं.

थोरलीचं छत मागे छान उतरत जातं. दिसायला देखणी आहे, नाकारत नाही. पण त्या उतारामुळे मागच्या दाराची वरची कड डोक्याच्या वाटेत येते. खालचा उंबरठा रुंद, बैठक खोल आणि खाली. सासूबाई दारात उभ्या राहिल्या, डोकं वाकवलं, एक पाय आत टाकला आणि तिथेच अडकल्या. वजन सगळं बदललेल्या गुडघ्यावर, मान वाकलेली, हाताला धरायला काही नाही. मी त्यांना शिकवलेल्या रीतीने बसवलं: पाठ गाडीकडे, आधी बूड टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे. तरीही डोकं चौकटीला लागलंच. आत गेल्यावर खूश झाल्या. उतरताना पुन्हा तीच कसरत. म्हणाल्या, "आत गेल्यावर प्रशस्त आहे गं, पण आत-बाहेर करायचं कसं?"

याच्यामागे साधं गणित आहे. खुर्चीतून उठायला गुडघा साधारण ९० अंशांपर्यंत वाकावा लागतो. बैठक जितकी खाली तितका तो कोन वाढतो, १०५ च्या आसपास जातो, आणि मांडीच्या स्नायूंना तितकं जास्त उचलावं लागतं. गुडघा बदललेल्या माणसाला तो कोन मिळतो, पण त्या कोनात ताकद लावणं अवघड जातं. पायांपुढची जागा कितीही असली तरी ती या क्षणी कामाला येत नाही. धाकटीचं मागचं दार थोरलीपेक्षा लहान, पण वरची कड जरा उंच आणि उंबरठा अरुंद, त्यामुळे सासूबाईंना ती सोपी गेली. फार सोपी नाही, पण मला बाहेरून हात द्यावा लागला नाही.

मग मी त्यांना धाकटीत पुढे बसवलं. पुढची डावी-उजवी दोन्ही दारं मागच्यांपेक्षा मोठी असतात, छत तिथे सगळ्यांत उंच असतं. सीट पूर्ण मागे सरकवली, पाठ थोडी कलती केली, आणि चालकाशेजारच्या त्या सीटला उंची वाढवायची दांडी होती ती ओढून बैठक चांगली चार बोटं वर घेतली. सासूबाई पाठमोऱ्या बसल्या, पाय फिरवले, झालं. नंतर सीट पुढे घेतली म्हणजे मागे लेकीला जागा. ही उंचीची दांडी चालकाच्या सीटला बहुतेक सगळीकडे असते. शेजारच्या सीटला मात्र कॉम्पॅक्ट गाड्यांत पुष्कळदा नसते, किंवा फक्त वरच्या व्हेरियंटमध्ये असते. घरात गुडघ्याचा, खुब्याचा त्रास असलेलं कुणी असेल तर सनरूफच्या आधी ही दांडी विचारा.

डिकीचं थोडक्यात. लिटरच्या आकड्याने फसू नका. जर्मन पद्धतीत डिकी एक-एक लिटरच्या, २०० बाय १०० बाय ५० मिमीच्या ठोकळ्यांनी भरून मोजतात, त्यामुळे कानाकोपराही हिशोबात येतो. माझं टेबल कानाकोपऱ्यात जात नाही. घडी केल्यावर ते ९३ सेंटिमीटर लांब आणि ७० रुंद. थोरलीत आडवं सरळ जातं आणि वर दोन बॅगा राहतात. धाकटीत तिरकं घालावं लागतं, आणि झाकणाच्या वाकड्या बिजागऱ्या आत येतात, त्या टेबलाला टेकणार नाहीत अशा बेताने. उचलून आत ठेवताना मात्र थोरलीची डिकी खोल, कंबरेतून वाकून पंधरा किलो पुढे धरावे लागतात. हे मी रुग्णांना करू देत नाही, स्वतः कशी करू? धाकटीत टेबल काठावर टेकवून सरकवता येतं. दोन्हींत हायब्रिडची बॅटरी मागच्या सीटखाली आहे, त्यामुळे डिकी खाल्ली जात नाही आणि पाठ दुमडून लांब सामान घालता येतं. जुन्या हायब्रिडमध्ये पुष्कळदा बॅटरी सीटच्या मागे उभी असायची, ते जुनी गाडी घेणाऱ्यांनी बघावं. आणि स्टेपनी आहे का विचारा. पुष्कळ हायब्रिडमध्ये पंक्चर काढायचं किट तेवढं देतात.

मायलेजवर आम्ही निर्णय घेतला नाही, कारण तिथे फरकच सापडला नाही. लहान गाडी कमी पिणारच, असं सगळे म्हणतात. ईपीएचे आकडे बघितले तर कॅमरी हायब्रिडचं साधं व्हेरियंट ५१ मैल प्रति गॅलन आणि कोरोला हायब्रिड ५०, म्हणजे दोन्ही लिटरला एकवीस किलोमीटरच्या पुढे. ठरावीक वेगाने धावताना इंजिनाला झगडावं लागतं ते मुख्यतः हवेशी, आणि दोन्ही सेडान हवा कापायला जवळपास सारख्याच. वजनाचा फरक पडतो तो सारखं थांबा-निघा करताना, आणि हायब्रिड ब्रेक लावताना त्यातली बरीच ऊर्जा बॅटरीत परत घेते.

सुरक्षेचा मुद्दा नवऱ्याने काढला, आणि तो गंभीरपणे घ्यायलाच हवा. दोन गाड्या समोरासमोर धडकल्या तर हलक्या गाडीचा वेग जास्त बदलतो आणि आतल्या माणसांना जास्त मार बसतो. हे पदार्थविज्ञान आहे, त्याच्याशी वाद नाही. पण आमच्या या दोन गाड्यांच्या वजनात फरक दीडशे किलोच्या आसपास, म्हणजे दोन मोठ्या माणसांचा. समोरून येणारी भली मोठी एसयूव्ही या दोघींनाही सारखीच जड आहे. त्यापेक्षा मी मागच्या सीटचे पट्टे बघितले. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २०२२ पासून समोरच्या धडकेच्या चाचणीत चालकाच्या मागे लहान चणीच्या बाईएवढी किंवा बारा वर्षांच्या मुलाएवढी बाहुली बसवायला सुरुवात केली, कारण पुढच्या सीट जितक्या सुरक्षित होत गेल्या तितकी मागची झाली नाही. पुढच्या पट्ट्यांना धडकेच्या क्षणी ताणून धरणारा प्रीटेन्शनर असतोच. मागच्यांना आहे का, हे विचारावं लागतं. आमच्या दोन्ही गाड्यांत मागच्या कडेच्या दोन्ही सीटना होता. नसता तर मी दोन्ही सोडल्या असत्या, कारण लेक रोज तिथे बसणार.

घरी येऊन आम्ही बोललो. नवऱ्याला थोरली हवी होती, आणि त्याची कारणं खरी होती: शांतता, लांबचा प्रवास, मागे बसणाऱ्याचे पाय. मी त्याला म्हटलं, आपण सगळे मिळून लांब जातो तेव्हा टेबल घरीच असतं, आई पुढे बसणार, मागे लेक आणि तू किंवा मी. मागे तिघं कधी बसतो? तो विचारात पडला. मग म्हणाला, "तुला ते स्टीअरिंगचं अंतर जमत नाही, तिथेच संपलं." वाद तिथे मिटला. त्याने जे सोडलं त्याची मला जाणीव आहे. हमरस्त्यावरची ती शांतता मलाही आवडली होती, आणि धाकटीत ती मिळणार नाही. आवाजाचा बराच भाग टायरचा असतो, तेव्हा तिथे काही करता येतं का, याची चौकशी मी लगेच सुरू केली.

आता प्रश्न व्हेरियंटचा. शेजारच्या सीटची उंचीची दांडी फक्त सगळ्यांत वरच्या व्हेरियंटमध्ये, आणि त्यात १७ इंची चाकं, २२५/४५ मापाचे टायर. खालच्या व्हेरियंटला १६ इंची, २०५/५५. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्याच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. टायरची भिंत जितकी उंच तितके छोटे खड्डे ती गिळते, आणि अरुंद टायर आवाजही कमी करतो. म्हणजे सासूबाईंच्या गुडघ्याला वरचं व्हेरियंट हवं आणि सगळ्यांच्या कंबरेला खालची चाकं. दोन्ही टायरांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, ६३ सेंटिमीटरच्या थोडा वर, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. प्रश्न फक्त ब्रेकचा होता. मोठे ब्रेक असले तर १६ इंची रिम त्यांच्यावर बसत नाही. वर्कशॉपमधल्या माणसाने दोन्ही व्हेरियंटचे पार्ट नंबर काढून बघितले. ब्रेक तेच आहेत. वरचं व्हेरियंट खालच्या चाकांवर द्यायला शोरूम तयार झालं, चाकांचा बदल बिलावर आणि वॉरंटीच्या कागदावर लिहून द्यायचं कबूल केलं, आणि ते लिहिलेलं वाचूनच आम्ही बुकिंगवर सही केली.